दप्तर कोणाच्या घरात

"ताई, ह्याला सीए लागतोय, का वकील, का तुमच्याकडंच होतंय?" जुलै लागला की कडेगावातल्या माझ्या छोट्या ऑफिसात हा प्रश्न सारखा कानावर येतो. विचारणारा कधी निवृत्त शिक्षक असतो, कधी शाळगावच्या एमआयडीसीत वर्कशॉप टाकलेला पोरगा, कधी कोइमतूरहून गावी आलेला गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळणारा. मी वाणिज्य शाखेची पदवीधर, सहकार खात्याची जीडीसी अँड ए परीक्षा पास झालेली आणि जीएसटी आल्यावर त्याची प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी केलेली. सासरे विक्रीकराचं काम करायचे, माहेर गलाईवाल्यांचं. त्यामुळे विचारणाऱ्याची बाजू आणि उत्तर देणाऱ्याची बाजू, दोन्ही मी घरातच बघितल्या. हा प्रश्न ऐकला की मला बरं वाटतं, कारण आपला हिशेब कोणी लिहावा हे ठरवायची मुभा या भागातल्या माणसाला फार उशिरा मिळाली. ती कशी मिळाली हे कुठंतरी लिहून ठेवावं असं बरेच दिवस मनात होतं.

कडेगाव आज सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण आहे. आज्या-पणज्यांच्या काळात ते सातारा जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं गाव होतं. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला, 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. कचेरीचं काम निघालं की विट्याला जायचं. पण कराची गोष्ट गावात, चावडीतच सुरू व्हायची आणि बहुतेकांची तिथंच संपायची. पाटील वसूल करायचा, कुलकर्णी लिहायचा. कोणाच्या नावावर किती जमीन, तिचा आकार किती, यंदाचा हप्ता किती आला, मागची बाकी किती, दुष्काळात सूट कोणाला मिळाली, हे सगळं कुलकर्ण्याच्या दप्तरात. दप्तर त्याच्या घरात आणि वतन त्याच्या वंशात. बाप गेला की मुलगा लिहायचा, मुलगा लहान असला तर गुमास्ता लिहायचा. रयतेला सावकार बदलता येत होता, नांगराचा बैल बदलता येत होता, पण आपल्या कराचा हिशेब लिहिणारा बदलता येत नव्हता.

यात माणूस वाईट होता असं मला म्हणायचं नाही. मोडी अक्षराची ती शिस्त आणि साऱ्या शिवाराचा तोंडपाठ हिशेब बघितला की त्या कामाबद्दल आदरच वाटतो. अडचण जागेची होती. लिहिणारा सरकारला जबाबदार, त्याचा मोबदला वतनातून, आणि ज्याचा हिशेब तो लिहायचा त्या कुणब्याला अक्षर वाचता येत नव्हतं. दप्तरात काय आहे हे कुणब्याला कळायचं ते कुलकर्णी सांगेल तेवढंच.

1848 मध्ये सातारचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. मग मोजणी आली, सर्व्हे नंबर पडले, एकर-गुंठे आले. रयतवारीत सरकार आणि खातेदार यांच्यात मधे कोणी नाही असं कागदावर ठरलं. खातेदाराला पावतीपुस्तक मिळावं असाही नियम झाला. पण पावतीपुस्तकात लिहिणार कोण? तोच. खटाव तालुक्यातलं कटगुण इथून लांब नाही, महात्मा फुल्यांचं मूळ घराणं तिथलं. त्यांनी 1883 च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये अक्षरशत्रू शेतकरी आणि लेखणीवाला अंमलदार यांचं जे नातं मांडलं, ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते शंभर वर्षांपूर्वीचं वाटलंच नाही. मी कुणब्याची नात आहे. माझ्या आजीनं आयुष्यभर ज्या कागदावर अंगठा दिला तो तिला कधी कोणी वाचून दाखवला नव्हता.

फुल्यांचं पुस्तक येण्याच्या आधीच कायद्यानं या दुखण्यावर एक उपाय करून बघितला होता. 1875 मध्ये सुप्यापासून दख्खनचे दंगे पेटले. लोकांनी सावकारांच्या घरांतून कर्जखतं ओढून काढून जाळली. त्यानंतर 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला, तो पुणे, नगर, सोलापूर आणि आपला सातारा या चार जिल्ह्यांना लागू झाला. शेतकऱ्याचं खत सावकारानं आपल्या घरी लिहायचं नाही, ग्राम-निबंधकापुढं लिहायचं. दिलेल्या पैशाची पावती आणि मागितल्यास पासबुक द्यायचं, असं त्यात होतं. कराशी त्याचा थेट संबंध नव्हता. तरी मला तो कायदा मोलाचा वाटतो. देणारा आणि घेणारा यांच्याशिवाय तिसऱ्यानं लिहावं, आणि एक प्रत देणाऱ्याच्या हातात राहावी, हे त्यानं या भागात पहिल्यांदा मान्य केलं.

वारणेपलीकडं कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1918 मध्ये कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले, आणि त्या जागांवर अस्पृश्य समाजातली माणसंही बसवली. जो कधी चावडीच्या पायरीवर उभा राहायचा तो दप्तर लिहायला बसला. आमच्या बाजूला हे पूर्णपणे व्हायला स्वातंत्र्य यावं लागलं. मधल्या काळात 1942 च्या चळवळीत सातारा जिल्ह्यात चावड्या पेटल्या, दप्तरं जळाली. लोकांचा राग इंग्रजावर होताच, पण तो कागदावरही होता. मुंबई राज्यानं 1950 मध्ये परगणा आणि कुलकर्णी वतनं रद्द करायचा कायदा केला. गावाचं दप्तर कुलकर्ण्याच्या माडीवरून उतरलं आणि तलाठ्याच्या सज्जात गेलं. सातबारा, आठ-अ, फेरफार यांच्या नकला कोणालाही मागता येऊ लागल्या. तलाठीही सरकारचाच माणूस, पण तो बदलीचा होता. ही गोष्ट छोटी नव्हती.

आयकर या सगळ्यात कुठं होता? कडेगावच्या कुणब्याच्या आयुष्यात जवळजवळ नव्हताच. 1857 च्या उठावाचा खर्च भरून काढायला जेम्स विल्सन या अर्थमंत्र्यानं 1860 मध्ये तो पहिल्यांदा लावला. वर्षाला दोनशे रुपयांच्या आत उत्पन्न असणाऱ्याला सूट होती आणि शेतीचं उत्पन्न तेव्हा धरलेलं होतं. पाच वर्षांत तो कर गेला. मग लायसन्स कर आले नि गेले. 1886 च्या कायद्यानं शेतीचं उत्पन्न वगळलं आणि ती सवलत आजपर्यंत टिकली आहे. त्यामुळे आमच्याकडं आयकराची नोटीस म्हणजे सावकार, पेढीवाला, फार तर एखादा मोठा कापडदुकानदार. कर बसवायचं काम कलेक्टरकडं होतं, म्हणजे पुन्हा महसूल खात्याच्याच कचेरीत. वेगळं आयकर खातं 1922 च्या कायद्यानंतर उभं राहिलं, आणि मग एक नवा माणूस जन्माला आला: करदात्याच्या वतीनं, करदात्याच्या पैशानं, अधिकाऱ्यापुढं उभा राहणारा.

हा माणूस कोण असू शकतो याची यादी 1961 च्या आयकर कायद्याच्या कलम 288 मध्ये होती. ती मी कॉलेजात पाठ केली होती आणि तेव्हा ती नुसती यादी वाटली होती. आता वाचते तेव्हा तिच्यात या देशाच्या बाजारपेठांचा इतिहास दिसतो. वकील आहे, सनदी लेखापाल आहे. वाणिज्य किंवा कायद्याचा पदवीधर आहे. 1922 च्या कायद्याखाली आधीपासून काम करत आलेला जुना आयकर प्रॅक्टिशनर आहे. पण नातेवाईकही आहे. आपला कायम पगारी नोकर आहे, म्हणजे पेढीवरचा दिवाणजी. आणि ज्या शेड्यूल्ड बँकेत आपलं चालू खातं आहे त्या बँकेचा अधिकारीसुद्धा आहे. माणूस ज्याच्यावर विश्वास टाकतो त्या सगळ्यांना त्या कलमानं दारातून आत घेतलं होतं.

कडेगावच्या दुकानदाराच्या गल्ल्यापर्यंत कर खऱ्या अर्थानं पोचला तो विक्रीकराच्या रूपानं. मुंबई प्रांतात तो 1946 मध्ये आला, पुढं 1959 च्या कायद्यानं त्याला जे रूप मिळालं ते कितीतरी वर्षं टिकलं. आमच्या मामंजींचं काम त्या कायद्याखालचं. सकाळी जेवून एसटीनं निघायचे, कधी विटा, कधी सांगली. पिशवीत दुकानदारांच्या लाल कापडाच्या वह्या: रोजमेळ, खतावणी, खरेदी-विक्रीची बिलं. परराज्यातून माल आणला असेल तर सी फॉर्म. तो हरवला तर दुकानदाराचं तोंड पडायचं, कारण सवलतीचा दर जायचा आणि फरक पदरातून भरायला लागायचा.

मामंजी वही हातात घेतली की आधी विक्री बघायचे नाहीत. रोजमेळातली रोख शिल्लक बघायचे, रोजच्या रोज. एखाद्या दिवशी शिल्लक उणे दिसली की पेन्सिलीनं खूण. गल्ल्यात पैसे नसताना खर्च झाला कसा? म्हणजे कुठली तरी विक्री लिहायची राहिली, किंवा उसने घेतलेले पैसे दाखवले नाहीत. "साहेब हेच पहिलं बघतो," म्हणायचे. दुकानदार अण्णा-बापू लावून गयावया करायचा, की तेवढं जरा जुळवून घ्या. ते वही मिटून परत द्यायचे. जुळवायचं काम तुझं, खरं असेल ते लिहून आण, मग मी तुझ्याबरोबर येतो.

त्यांचा दुसरा गुण मला जास्त महत्त्वाचा वाटतो. विक्रीकर अधिकाऱ्यापुढच्या निर्धारणेपर्यंत ते जायचे. पहिलं अपील फार तर. त्याच्यापुढं न्यायाधिकरणाचं काम निघालं की सांगलीच्या वकिलाची चिठ्ठी लिहून द्यायचे आणि आपली सगळी फाईल, टिपणांसकट, पक्षकाराच्या हातात ठेवायचे. "माझी पायरी इथपर्यंत." ही पायरी ओळखणारा माणूस शोधा, असं मी आजही सांगते. डिग्री त्याच्यानंतर विचारा.

त्या पिढीत आणखी एक मोठा बदल झाला. इथली पेढी दिवाळीला वही बदलायची; लक्ष्मीपूजनाला वहीपूजन आणि पाडव्याला नवं वर्ष. आयकरातही ज्याचं त्याचं हिशेबी वर्ष चालायचं. 1989-90 या निर्धारण वर्षापासून सगळ्यांना 31 मार्चचं एकच वर्ष लागू झालं. पूजा दिवाळीतच राहिली, हिशेब मार्चला गेला. पेढीवरच्या जुन्या दिवाणजींना हे जमलं नाही. त्यांना हिशेब येत नव्हता असं अजिबात नाही. व्याजाचं गणित ते तोंडी करायचे. पण तक्ते, फॉर्म, इंग्रजी नोटिसा आणि तारखा यांचं जग त्यांचं नव्हतं. कितीतरी दुकानांत दिवाणजीची गादी रिकामी झाली आणि तिथं महिन्यातून एकदा येणारा अकाउंटंट आला.

आता माहेरची गोष्ट, आणि ती मी जरा सविस्तर सांगणार आहे. खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव, कवठेमहांकाळ, शिवाय माण-खटाव, या पाऊस न पडणाऱ्या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरली. केरळपासून काश्मीरपर्यंत, सराफकट्टा असेल तिथं बोळात एखादा गलाईवाला मराठीत बोलताना सापडतो. आमचे आप्पा, म्हणजे वडील, त्रिचीला होते. भट्टी, मूस, तेजाब आणि तराजू, एवढंच दुकान. मोडीच्या सोन्यात साधारण तिप्पट चांदी घालून वितळवायचं, पाण्यात ओतून त्याचे बारीक दाणे करायचे, ते तेजाबात उकळायचे. चांदी-तांबं विरघळून जातं, तळाला तपकिरी भुकटी राहते, ते सोनं. धुऊन पुन्हा मुशीत घातलं की पिवळंधमक. विरघळलेली चांदी तांब्याच्या पट्ट्यांवर परत धरायची. यातल्या प्रत्येक पायरीला वजन करायचं आणि घट लिहायची. सबंध धंदा घटीच्या हिशेबावर उभा आहे. घट जास्त दाखवली तर सराफ चोर म्हणतो, कमी धरली तर आपलं पोट मारलं जातं.

1963 च्या जानेवारीत मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्णनियंत्रण आलं. नवे दागिने 14 कॅरटच्या वर करायचे नाहीत, लगड-पत्रा जवळ असेल तर सरकारला जाहीर करायचा. 1968 मध्ये त्याचा कायदा झाला, तो 1990 ला रद्द होईपर्यंत गाळणाऱ्यालाही परवाना आणि नोंदवह्या होत्या. आलेलं सोनं, गेलेलं सोनं, घट, सगळं ठरलेल्या रकान्यात, आणि तपासायला उत्पादन शुल्क खात्याचा अधिकारी. आमच्या आप्पांचं शिक्षण गावच्या शाळेत चौथीपर्यंत. वह्या इंग्रजीत. त्या लिहायला महिन्याला पैसे देऊन एक तमीळ कारकून ठेवलेला. तो काय लिहितो हे आप्पांना वाचता येत नव्हतं; खाली मराठीत सही करायचे. घरी आले की आईला म्हणायचे, वजन मी करतोय, पण माझं वजन दुसराच लिहितोय. त्यांनी मला विट्याला कॉलेजात वाणिज्य शाखेला घातलं त्यामागं हे होतं. मुलीला इतकं शिकवून काय करणार असं भावकीनं विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, माझी वही वाचंल.

सुवर्णनियंत्रण गेलं, पण गलाईवाल्याचा कराचा गुंता सुटला नाही. उलट आज माझ्याकडं येणाऱ्या सगळ्यांत तोच सर्वांत अवघड पक्षकार आहे. तो समोर बसला की मी एकच विचारते: सोनं तुमचं, का सराफाचं? सराफाचं सोनं घेऊन, शुद्ध करून, त्यालाच परत दिलं तर तुमची कमाई म्हणजे फक्त मजुरी. त्या मजुरीवर 5 टक्के जीएसटी, आणि तोही वर्षाची मजुरी 20 लाखांच्या वर गेली तर. पण तुम्ही मोड विकत घेतली, गाळली आणि शुद्ध सोनं विकलं, तर सबंध सोन्याची किंमत तुमची उलाढाल. 2025 मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या पलीकडं गेला. म्हणजे वर्षभरात एक किलो सोनं हातातून गेलं की झाली एक कोटीची उलाढाल, आणि एक कोटीच्या वर करलेखापरीक्षणाची गोष्ट सुरू होते. रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असतील तरच ती मर्यादा दहा कोटींपर्यंत जाते. छोट्या धंद्यासाठी अंदाजे नफ्याची सोपी योजना आहे, तिच्यात सहा किंवा आठ टक्के नफा दाखवून मोकळं होता येतं. सोन्याच्या खरेदी-विक्रीत सहा टक्के नफा कोणाला सुटतो? ज्याला हा धंदा माहीत नाही असा माणूस ती योजना टाकून मोकळा होतो, आणि गलाईवाला न कमावलेल्या पैशावर कर भरतो. किंवा त्याच्या उलट: मजुरीवाल्याच्या नावावर कोट्यवधींची विक्री लिहिली जाते आणि मग नोटीस येते. दोन्ही प्रकारचे कागद माझ्यापुढं येऊन पडले आहेत. फॉर्म भरणाऱ्यानं सोनं कोणाचं हे विचारलंच नव्हतं.

इथं सीए लागतो. भारतात हिशेबनिसाच्या कामाला पदविकेची मान्यता मुंबईत 1918 मध्ये सरकारी अकाउंटन्सी डिप्लोमानं मिळायला लागली, 1949 च्या कायद्यानं 1 जुलैला सनदी लेखापालांची संस्था उभी राहिली. पण आमच्या भागात सीए ही गरज झाली 1984 नंतर. त्या वर्षीच्या वित्त कायद्यानं आयकरात कलम 44एबी घातलं: धंद्याची उलाढाल 40 लाखांच्या वर गेली की लेखापरीक्षण, आणि सही फक्त सीएची. तोवर विट्याचा यंत्रमागवाला, कडेगावचा आडत्या यांना सीए म्हणजे कारखान्याला, बँकेला लागणारा माणूस वाटायचा. मामंजींनी तेव्हा आपले मोठे पक्षकार स्वतःहून कऱ्हाड-सांगलीच्या सीएंकडं नेऊन दिले. त्यांचं उत्पन्न घटलं. घरात त्यावरून बोलणी झाल्याचं सासूबाई सांगायच्या.

सहकाराच्या या मुलखात आणखी एक घोटाळा होतो. गावोगावी सोसायट्या, पतसंस्था, दूध संघ. त्यांचं ऑडिट होतं, आणि त्यासाठी सहकार खात्याच्या नामतालिकेवरचा माणूस लागतो. माझ्यासारखी जीडीसी अँड ए झालेली व्यक्तीही तिथं ऑडिटर होऊ शकते. पण मी पतसंस्थेच्या ताळेबंदावर सही करते म्हणून गलाईवाल्याच्या करलेखापरीक्षणावर सही करू शकत नाही. लोकांना हे पटत नाही. त्यातून तमिळनाडूत सीएलाच सगळे ऑडिटर म्हणतात, त्यामुळे तिकडून आलेला पाहुणा माझी पाटी वाचून खुशीत आत येतो आणि मला त्याला परत पाठवावं लागतं.

व्यवसायकराबद्दल थोडकं सांगते, कारण तो आपल्याच मातीतला कर आहे. तासगावजवळच्या विसापूरचे वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना मांडली, तिचा पहिला प्रयोग याच परिसरात झाला, आणि योजनेला पैसा उभा करायला 1975 मध्ये महाराष्ट्रानं व्यवसायकर लावला. बाहत्तरच्या दुष्काळात या भागातल्या बायकांनी खडी फोडली. वर्षाला 2500 रुपयांचं चलन भरताना कुरकुर करणाऱ्या डॉक्टर-वकिलांना मी हे सांगते, आणि बहुतेक जण ऐकून घेतात. याला कोणी तज्ज्ञ लागत नाही. स्वतः भरा.

तसंच पुष्कळांना माझीही गरज नाही. निवृत्त शिक्षक, पेन्शन आणि ठेवींचं व्याज, बस. पोर्टलवर सगळे आकडे आधीच आलेले असतात, नातवाला शेजारी बसवा. टेंभू उपसा योजनेचं पाणी आल्यावर ऊस वाढला. उसाच्या बिलावर आयकर नाही. पण तोडणी-वाहतुकीचा ठेका घेतला असेल, कारखान्यानं टीडीएस कापला असेल, तर विवरणपत्र भरावं लागेल, तेही कर सल्लागाराकडं होतं. फेरनिर्धारणेची नोटीस आली तर सीए किंवा वकील. प्रकरण आयकर न्यायाधिकरणात गेलं तरी दोघांपैकी कोणीही चालतो. उच्च न्यायालयात मात्र वकीलच. 2006 मध्ये सरकारनं पदवीधरांना शिकवून टीआरपी नावाचे विवरणपत्र भरणारे तयार केले, 2017 ला जीएसटी आल्यावर विक्रीकराच्या जुन्या मंडळींना नव्यानं नोंदणी करून घ्यावी लागली. माणसं वाढली आहेत, आणि त्यातच एक नवीन जात शिरली आहे: रिफंडच्या टक्केवारीवर काम करणारी. न दिलेल्या देणग्या, न घेतलेली कर्जं, न भरलेलं भाडं दाखवून पगारदाराला मोठा रिफंड काढून द्यायचा आणि त्यातला वाटा घ्यायचा. 14 जुलै 2025 ला आयकर खात्यानं अशा मध्यस्थांवर देशभर तपासणी सुरू केली. पण विवरणपत्र नोकरदाराच्या नावानं भरलेलं असतं. दंड आणि व्याज त्यालाच. जो आपली फी तुमच्या रिफंडवर मोजतो त्याच्याकडं जाऊ नका, हे मी हात जोडून सांगते. यात पोळलेल्या एका आरोग्यसेविकेला माझ्यासमोर रडताना मी बघितलं आहे, आणि तो राग अजून गेलेला नाही.

असा ग्राहक आला की मी पहिल्यांदा पोर्टल उघडून नोंदवलेला मोबाईल नंबर बघते. बहुतेक वेळा तो ग्राहकाचा नसतो, आधी फॉर्म भरलेल्या माणसाचा असतो. ई-मेलही त्याचाच. नोटीस आली तर त्याच्याकडं, ओटीपी त्याच्याकडं, पासवर्ड त्याच्याकडं. म्हणजे दप्तर परत दुसऱ्याच्या माडीवर. कागद सगळ्यांनी जाळून, कायदे करून जे खाली उतरवलं, ते आपण दोनशे रुपये वाचवायला पुन्हा वर चढवून द्यायचं? मी ग्राहकाचा स्वतःचा नंबर घातल्याशिवाय कामाला हात लावत नाही, आणि भरलेल्या विवरणपत्राची प्रत मराठीत समजावून त्याच्या हातात देते. वेळ जातो. जाऊ दे.

2024 ला मोहरम 17 जुलैला आला होता. कडेगावच्या ताबुतांच्या भेटीसाठी परमुलखातली मंडळी गावी येतात, त्या वर्षी ती येताना कागदांच्या पिशव्याही घेऊन आली, कारण महिनाअखेर विवरणपत्राची मुदत होती. त्यात कोइमतूरचे दोन भाऊ होते. थोरला मजुरीवर गाळतो, धाकट्यानं मोड विकत घ्यायला सुरुवात केली होती, आणि दोघांचे व्यवहार थोरल्याच्या एकाच खात्यातून चाललेले. आम्ही दुपारभर बसून चिठ्ठ्या वेगळ्या केल्या. धाकट्याचं करलेखापरीक्षण आणि जीएसटी तिथल्याच सीएकडं द्यायचं ठरलं, कारण जीएसटीची नोंदणी राज्यागणिक असते आणि तपासणीला माणूस तिथं हजर लागतो. थोरल्याच्या मजुरीचं विवरणपत्र मी घेतलं. आईच्या नावावरच्या चार एकरांचा सातबारा आणि वारसनोंद यासाठी त्यांना तलाठ्याकडं पाठवलं. धाकटा जाताना म्हणाला, एवढी तीन-तीन माणसं कशाला, एकालाच देऊन टाकलं असतं. थोरल्यानं पिशवीतून दोन नव्या वह्या काढून टेबलावर ठेवल्या, एकीवर स्वतःचं नाव घातलं, दुसरी भावापुढं सरकवली आणि म्हणाला, तुझी तू लिही.